जिल्हा पातळीवर बेघरांसाठी एकत्रित व्यवस्था कशी उभी करावी?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार. लातूर शहरातील आम्ही सात-आठ जण, बहुतेक निवृत्त शिक्षक, दोन वकील आणि एक औषधविक्रेते, गेली काही वर्षे थंडीच्या दिवसांत बसस्थानकात, रेल्वे स्थानकाबाहेर आणि मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, ओट्यांवर झोपणाऱ्यांना पांघरुणे वाटत आलो आहोत. गेल्या पौषात मोंढ्यातल्या एका वृद्ध हमालाने मी दिलेले पांघरूण हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि परत माझ्याकडे दिले. "गुरुजी, पांघरूण तर तुम्ही दरसाल देता. उन्हाळ्यात ते ठिवावं कुठं, तेवढं सांगा," असे ते म्हणाले. त्या रात्री आम्ही वाटप अर्धवट सोडून घरी आलो आणि आपण नेमके काय करीत आहोत यावर बराच वेळ बोलत बसलो.

त्यानंतर थोडी चौकशी केली, तेव्हा लक्षात आले की या माणसांसाठी कोणी काहीच करीत नाही असे मुळीच नाही. नगरपालिकांकडे निवाऱ्याची योजना आहे, पोलिसांकडे नोंदी आहेत, सरकारी रुग्णालयात उपचार होतात, समाजकल्याण आणि महिला व बालविकास या खात्यांच्या आपापल्या संस्था आहेत, रेल्वे पोलीस फलाटापुरते पाहतात आणि देवस्थानांची अन्नछत्रे दुपारचे जेवण देतात. मात्र यांपैकी एकाची वही दुसऱ्याने पाहिलेली नसते. आम्हाला जिल्हाधिकाऱ्यांना एक लेखी निवेदन द्यायचे आहे आणि त्यात संपूर्ण जिल्ह्यासाठी एक व्यवस्था मागायची आहे. तिचे प्रमुखपद कोणाकडे असावे, मोजणी कशी करावी, आणि शहराबाहेरच्या तालुक्यांचे काय करावे, याविषयी अनुभवी लोकांनी सांगावे. समाजाची मानसिकता बदलली पाहिजे, अशा स्वरूपाची उत्तरे कृपया देऊ नयेत. ती आम्ही स्वतःच भाषणांतून भरपूर दिली आहेत.

जुना कारकून

गुरुजी, मी नगरपरिषदेत नोकरी केली आहे आणि निवाऱ्याची फाईल काही काळ माझ्याच टेबलावर होती, म्हणून आधी नियमांबद्दल लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात २०१० साली रात्रनिवाऱ्यांबाबत आदेश दिले आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात "शहरी बेघरांसाठी निवारा" हा स्वतंत्र घटक आला. त्यातला मापदंड असा, की दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांसाठी वर्षभर आणि चोवीस तास चालणारे निवारे असावेत, एकेक निवारा पन्नास ते शंभर माणसांचा असावा आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा मिळावी. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३.८ लाखांच्या आसपास होती. तेव्हा किती निवारे असायला हवेत आणि किती आहेत, हा हिशेब आपल्या निवेदनाच्या पहिल्याच पानावर यावा.

हा मापदंड मोठ्या शहरांना बरा लागू पडतो, पण आपल्या भागात त्याची गफलत होते. तुळजापूरची लोकसंख्या २०११ साली ३५ हजारांच्या आत होती. लोकसंख्येच्या हिशेबाने तिथे निवाऱ्याची गरजच उभी राहत नाही. प्रत्यक्षात, घरच्यांनी नवरात्रात दर्शनाला म्हणून आणलेली आणि गर्दीत मागे ठेवून दिलेली म्हातारी माणसे कुठे सापडतात, हे तिथल्या कोणत्याही प्रसादवाल्याला विचारावे. परळी, औंढा नागनाथ, माहूर या सगळ्या गावांचे हेच आहे. बेघर माणूस लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला गेलेला नसतो. जिथे अन्न, ऊब आणि गर्दी असते तिथे तो जातो. जिल्हा हा घटक धरण्याचे माझ्या मते सर्वांत भक्कम कारण हेच आहे, कारण लहान नगरपरिषदेला एकटीने निवारा चालवणे झेपत नाही आणि मोठी नगरपालिका आपल्या हद्दीबाहेरचा माणूस आपला मानत नाही.

निवारा असूनही रिकामा का राहतो, याचीही कारणे निवेदनात येऊ द्या. आमचा निवारा गावाबाहेर, जिथे नगरपरिषदेची इमारत मोकळी पडली होती तिथे होता. मोंढ्यात पहाटे चार वाजता गाडी उतरवायला हजर राहायचे असेल, तर तीन कोसांवर झोपायला कोण जाईल? नवरा-बायकोला वेगळे करणारा, गाठोडे ठेवू न देणारा आणि सकाळी सातला बाहेर काढणारा निवारा कागदावर शंभर टक्के पूर्ण असतो.

मोजणीबद्दल एक सूचना करतो. जनगणनेत बेघरांची गणना २८ फेब्रुवारी २०११ च्या एकाच रात्री झाली आणि देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. एका रात्रीत जे सापडले ते आले, पुलाच्या पलीकडच्या बाजूला झोपलेले राहिले. याउलट निवडणूक आयोगाचा एक नियम फार शहाणपणाचा आहे, पण तो कोणी वापरत नाही. बेघर माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवायचे असेल, तर पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्याने सांगितलेल्या जागी तो खरोखर झोपतो की नाही, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री स्वतः जाऊन पाहायचे असते. म्हणजे अमुक माणूस अमुक पायरीवर राहतो, हे मान्य करण्याची पद्धत शासनाकडे आधीपासून आहे. तीच पद्धत आणि तेच कर्मचारी आपल्या मोजणीला मागा.

प्रमुखपद जिल्हाधिकाऱ्यांकडे मागू नका. ते इतक्या समित्यांचे अध्यक्ष असतात की त्या समित्या मोजायला आणखी एक समिती नेमावी लागेल. अध्यक्ष ते असू द्यात, परंतु सदस्य सचिव म्हणून निवासी उपजिल्हाधिकारी किंवा नगरपालिका प्रशासन शाखेचा अधिकारी नावानिशी मागा आणि बैठक दर पंधरवड्याला ठरलेल्या वारी ठेवा.

केसपेपर

मी मराठवाड्यातल्या एका शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. कारकूनसाहेबांनी निवाऱ्याबद्दल लिहिले ते योग्यच आहे, पण निवारा हा या साखळीतला फक्त एक दुवा आहे आणि माझ्या मते तो पहिला नाही.

आमच्या अपघात विभागात बेघर माणूस आला की केसपेपरवर "अनोळखी पुरुष, अंदाजे वय ६०" असे लिहिले जाते. मागे एकदा जुनी रजिस्टरे चाळताना मला एकाच माणसाच्या चार नोंदी सापडल्या. उजव्या दंडावर गोंदलेला मारुती आणि डाव्या पायाची दोन बोटे नसणे, या खुणांवरून तो एकच आहे हे कळले. चारही वेळा तो अनोळखी होता, चारही वेळा पायाच्या जखमेसाठीच आला होता आणि तीनदा शेवटी "न सांगता निघून गेला" असा शेरा होता. खरे म्हणजे तो निघून गेला नव्हता. जखम बरी झाल्यावर खाट मोकळी करायची होती आणि त्याला पाठवण्यासाठी कोणता पत्ता नव्हता, म्हणून त्याला फाटकापर्यंत पोचवण्यात आले होते. जखम पुन्हा चिघळली की तो पुन्हा अनोळखी म्हणून येत असे.

चौथ्या नोंदीनंतर तो वारला. त्यानंतर जे घडले, ते या धाग्यावर सांगावेसे वाटते. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला, आमच्याकडे शवविच्छेदन झाले, मृतदेह ठरावीक काळ शवागारात ठेवला गेला, ओळख पटावी म्हणून त्याचे वर्णन इतर ठाण्यांना गेले, आणि शेवटी पोलिसांच्या पत्रावरून नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी अंत्यविधी केला. तीन खाती, एकच कागद, प्रत्येकाची जबाबदारी ठरलेली, कोणीही "हे आमच्याकडे येत नाही" असे म्हणाले नाही. आपण जी समन्वयाची व्यवस्था मागत आहात, ती बेवारस मृतदेहांसाठी प्रत्येक जिल्ह्यात आजही चालू आहे. ती माणूस जिवंत असताना चालू करावी, एवढीच मागणी निवेदनात केली तरी पुरे.

कायद्याचा आधारही आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती फिरताना आढळली, तर तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो, आणि दाखल करण्याची गरज नसल्यास तिला बेघरांसाठीच्या शासकीय आस्थापनेत पोचवायचे असते. म्हणजे अशी आस्थापना जिल्ह्यात आहे हे कायद्याने गृहीतच धरले आहे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, त्यांत मराठवाड्यातले एकही नाही. रात्री बारा वाजता अशा माणसाला जवळ बसवून घेतलेल्या हवालदाराची अडचण मी पाहिली आहे. त्याला कलम माहीत होते, पण पत्ता माहीत नव्हता.

परळी ते न्यू जर्सी

मूळचा परळीचा, गेली बरीच वर्षे अमेरिकेत आहे. तिथल्या काउंटीची कल्पना ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखी आहे, म्हणून एक उदाहरण सांगतो. ते जसेच्या तसे उचलावे असे मात्र सुचवत नाही.

न्यू जर्सीतल्या बर्गन काउंटीत ७० लहान-मोठ्या नगरपालिका आहेत. त्यांतली कोणतीही एकटी बेघरांचा प्रश्न सोडवू शकत नव्हती आणि प्रत्येकीचा कल माणूस शेजारच्या गावात सरकावण्याकडे असे. काउंटीने निवारा, जेवण, आरोग्यसेवा आणि घर शोधून देणारे कर्मचारी हे सगळे एका इमारतीत आणले आणि नावानिशी एकच यादी ठेवली. प्रत्येक नावापुढे तो सध्या कुठे झोपतो, कागदपत्रांत काय अडले आहे आणि पुढचे पाऊल कोणत्या संस्थेने उचलायचे आहे, हे लिहिलेले असे आणि सर्व संस्था नियमितपणे एकत्र बसून ती यादी वाचत. २०१७ साली दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या तिथे शून्याच्या पातळीवर आल्याचे मान्य झाले. शून्य म्हणजे एकही माणूस बेघर होत नाही असे नव्हे. जितके बेघर होतात तितक्यांना थोड्याच दिवसांत घर देण्याची क्षमता व्यवस्थेत असते, असा त्याचा अर्थ आहे.

यामागे एक सक्ती होती, हेही सांगायला हवे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या केंद्र सरकारने संस्थांचे सुटे अर्ज घेण्याऐवजी एका भागातल्या सर्व संस्थांनी मिळून एकच अर्ज करावा असे धोरण ठेवले. पैसा एका दारातून येऊ लागला, म्हणून सगळे एका टेबलाभोवती बसले. केवळ सद्भावनेने ते झाले असते असे मला वाटत नाही.

दुसरी बाजूही लिहितो. यादीतल्या माणसाला तिथे भाड्याचे कूपन मिळते. भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे आणि उरलेले सरकार घरमालकाला देते. कूपने अपुरी पडली आणि भाडी वाढत गेली, तसा देशाचा आकडाही वाढला. जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या गणनेत तो ७,७१,४८० होता. यादी कितीही नेटकी ठेवली, तरी शेवटी खोली लागतेच.

बालाघाट

मी बीडचा आहे आणि माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप व्याख्येबद्दल आहे. आपण फलाटावरच्या माणसाची चर्चा करीत आहात, पण गावाबाहेर पालात राहणारी भटक्या समाजाची कुटुंबे बेघर आहेत की नाहीत? दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन निघणारे आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर कोपीत (झोपडीत) राहणारे जोडपे बेघर आहे काय? त्याचे गावात घर असते, परंतु त्या घरात म्हातारे आई-वडील एकटे असतात आणि त्यांतलेच कोणीतरी एखाद्या वर्षी पंढरीच्या किंवा तुळजापूरच्या वाटेवर सापडते. या सगळ्यांना निवाऱ्याच्या खाटा देऊन भागणार नाही. पालातल्या कुटुंबाला जागा हवी आहे. घरकुलाची यादी निघते, नावही येते आणि स्वतःच्या नावावर जागा नाही म्हणून तिथेच थांबते. जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्याची योजना आहे, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. त्या वेगळ्या खात्यांकडे असल्याने नगरपालिकेच्या निवारा समितीत त्यांची चर्चाच होत नाही. जिल्ह्याची व्यवस्था मागायची असेल, तर गायरानाचा, म्हणजे गावाच्या चराऊ जमिनीतून जागा देण्याचा, प्रश्नही त्याच टेबलावर घ्यावा लागेल. तो घेताना ग्रामसभेत काय होते, हे आमच्याकडच्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही नावानिशी यादी कोणाच्या कपाटात राहणार? आपल्याकडे १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्यानुसार उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी फिरतो आहे, एवढ्यावरूनही माणूस भिक्षेकरी ठरू शकतो आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवला जाऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्या कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या, पण त्या निकालाने महाराष्ट्रातले काही बदलले नाही. मोठा मंत्री येणार असला की बसस्थानक कसे "स्वच्छ" केले जाते, ते मी पाहिले आहे. त्या वेळी ही यादी हाताशी असेल तर काम फारच सोपे होईल.

जुना कारकून

बालाघाट यांचा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माझ्या टेबलावरची निवाऱ्याची हजेरी वही एकदा याच कारणासाठी मागितली गेली होती आणि मी ती दिली होती. पहिल्या आक्षेपाबद्दल मात्र थोडे वेगळे मत आहे. पाल, कोपी आणि फलाट हे तिन्ही एकाच यादीत घातले तर यादी इतकी मोठी होईल की ती कोणी वाचणार नाही. एक समिती, पण दोन याद्या असाव्यात: एक जागा नसलेल्या कुटुंबांची, दुसरी छप्पर आणि माणसे दोन्ही गमावलेल्यांची. दुसरी यादी लहान असेल आणि ती प्रत्येक बैठकीत वाचून संपवता आली पाहिजे.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. आमच्या गटात काल यावर दोन तास चर्चा झाली आणि निवेदनाचा मसुदा बदलला. जिल्हास्तरीय आराखडा वगैरे शब्द काढून टाकले आहेत. आता मागणी अशी आहे, की निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांच्या सचिवपदाखाली दर पंधरवड्याला एक बैठक व्हावी आणि तीत नगरपालिका, पोलीस, रेल्वे पोलीस, रुग्णालय, समाजकल्याण, महिला व बालविकास, ग्रामीण विकास यंत्रणा आणि देवस्थानांचे प्रतिनिधी असावेत. प्रत्येक तालुक्यात पोलिसांना रात्री-बेरात्री फोन करता येईल असा एक क्रमांक आणि माणूस नेऊन ठेवता येईल अशी एक ठरलेली जागा असावी, मग ती दहा खाटांची का असेना. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचे एक वृद्धाश्रम सुरू करण्याची तरतूद आहे, तिचा उल्लेख वकिलांनी घातला आहे. खोलीच्या प्रश्नावर, प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक आहे. मोंढ्याजवळ हमालांसाठी त्यातून काही होईल काय, असे विचारले आहे. उत्तर काय येईल याची कल्पना आहे, तरी विचारले आहे.

यादी पोलिसांकडे न ठेवता रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात ठेवावी आणि ज्याचे नाव आहे त्याच्या संमतीनेच दुसऱ्या खात्याला एका वेळी एकच नोंद द्यावी, असे लिहिले आहे. केसपेपर यांना विचारायचे आहे की हे व्यवहार्य आहे का, आणि नमुना अर्जात कोणते रकाने असावेत.

केसपेपर

व्यवहार्य आहे, मात्र त्यासाठी आमच्या विभागाला एक पूर्णवेळ माणूस लागेल. तो निवेदनात मागून घ्या, नाहीतर यादी माझ्या टेबलाखालच्या खोक्यात जाईल. आधार नसलेल्यांची चिंता सुरुवातीला करू नका. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाच्या प्रमाणपत्रावर आधारनोंदणी होऊ शकते, म्हणून माणूस आधी निवाऱ्यात यावा आणि कागद मागाहून यावा.

रकान्यांबद्दल एकच सुचवतो. "नाव" या रकान्याच्या आधी "हाक" असा रकाना ठेवा. आमच्या स्थानकाबाहेर बसणाऱ्या एका माणसाने मला कधीही नाव सांगितले नाही, पण चहावाला, रिक्षावाले आणि फलाटावरचा हमाल असे सगळे त्याला "मास्तर" म्हणतात. त्याला शोधायला निघालेल्या कर्मचाऱ्याला तेवढी हाक पुरते. अर्जावर पहिला रकाना नावाचा असला आणि ते मिळाले नाही, की लिहिणारा तिथे "अनोळखी" लिहून पुढे जातो. नमुना तयार झाला की येथे टाका, मी आमच्या रजिस्टरातल्या गेल्या वर्षीच्या नोंदींवर तो भरून पाहतो.